एडीएचडीची औषधे: सोलापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर शहर आणि बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतून पालक, शिक्षक आणि एडीएचडी असलेली मोठी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. डोसचे आकडे डॉक्टरांची चिठ्ठी समजावी म्हणून आहेत. त्यावरून घरच्या घरी डोस ठरवू नका. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एडीएचडी म्हणजे नक्की काय? पोरगं नुसतं खोडकर नाही कशावरून?

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. खोडकर मूल आवडीच्या आणि नावडीच्या दोन्ही कामांत गरजेपुरते लक्ष देऊ शकते. एडीएचडीत तेच जमत नाही, आणि ते घर, शाळा, शिकवणी असे किमान दोन ठिकाणी दिसते. निदानाचे निकष ठरलेले आहेत: लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची सहा लक्षणे (वय १७ च्या पुढे पाच), किमान सहा महिने टिकलेली आणि वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली. शिवाय त्यामुळे अभ्यासाचे किंवा नात्यांचे खरोखर नुकसान होत असले पाहिजे. काही मुले, त्यांत मुली जास्त, अजिबात दंगा करत नाहीत. वर्गात शांत बसून हरवलेली असतात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे कुणाचे लक्ष जात नाही.

२. गोळ्या सुरू करायच्या आधी काय काय तपासून घ्यावं?

रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून एडीएचडी कळत नाही. तरीही एडीएचडीसारखे दिसणारे दुसरे काही नाही ना, हे पाहावेच लागते. कान आणि डोळे तपासा. ज्या घरात यंत्रमाग चालतो तिथे कानाची तपासणी कधीच टाळू नका. मागाच्या खडखडाटात आईची हाक मुलाला ऐकू गेली नाही की त्याने दुर्लक्ष केले, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. हिमोग्लोबिन पाहा. मूल रात्री घोरते का, तोंडाने श्वास घेते का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण टॉन्सिल-अडिनॉइड वाढून झोप मोडत असेल तर दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखे वागणे दिसते. काही सेकंद शून्यात पाहत राहणे ही फिटसुद्धा असू शकते.

सोलापुरात भाषेचा मुद्दा वेगळा आहे. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे घरी कन्नड आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी, असे असेल तर पहिली-दुसरीतले मूल वर्गात हरवलेले दिसणारच. म्हणून घरच्या भाषेत, घरच्या माणसांत त्याचे लक्ष कसे असते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषधाआधी वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब या चार गोष्टी लिहून ठेवायच्या. पुढची सगळी तुलना त्यांच्याशी होते. हृदयाबद्दल प्रश्न ९ पाहा.

३. सोलापुरात दाखवायचं कुठे? गोळ्या कोण लिहून देऊ शकतं?

मनोविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि समुपदेशन करतात, पण औषध लिहून देऊ शकत नाहीत. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. जाताना प्रगतिपुस्तक, चालू वर्षाच्या दोन वह्या, वर्गशिक्षकांचे चार ओळींचे पत्र आणि आधीच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या. शिक्षकांचे पत्र नसेल तर निम्मी माहिती कमी पडते आणि निदान एका भेटीने पुढे जाते. कुठे जावे हेच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते.

४. औषधं कोणकोणती आहेत?

भारतात मुख्यतः तीन वापरली जातात. पहिले मिथाइलफेनिडेट, हे उत्तेजक गटातले. स्ट्रिपवर इन्स्पायरल, अ‍ॅडवाइज, कॉन्सर्टा अशी नावे दिसतात. दुसरे अटोमॉक्सेटिन, हे उत्तेजक नाही (प्रश्न १०). तिसरे क्लोनिडिन, मूळचे रक्तदाबाचे औषध (प्रश्न ११). सहा वर्षांवरच्या मुलाला दुसरी काही अडचण नसेल तर बहुतेकदा मिथाइलफेनिडेटपासून सुरुवात होते, कारण त्याचा परिणाम सर्वांत ठळक आणि लवकर दिसतो. सुमारे ७० टक्के मुलांना पहिल्याच उत्तेजक औषधाने चांगला फरक पडतो.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी आधी पालकांचे वर्तन-प्रशिक्षण. एक सूचना एका वेळी देणे, चांगल्या वागण्याची लगेच दखल घेणे, दिवसाचा क्रम ठरवून देणे, हे त्यात शिकवतात आणि या वयात ते मनापासून केले तर खूप उपयोगी पडते. तेवढ्याने भागले नाही तरच तज्ज्ञ औषधाचा विचार करतात.

५. पोरगं आधीच इतकं चंचल, त्याला वर उत्तेजक औषध? उलटं नाही का होणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजी-आजोबा विचारतात आणि तो रास्त आहे. मेंदूचा पुढचा भाग थांबणे, वाट पाहणे, एका कामावर टिकणे ही कामे करतो. त्यासाठी त्याला डोपामिन आणि नॉरअड्रेनलिन ही रसायने लागतात. पेशींनी सोडलेली ही रसायने पुन्हा आत ओढली जातात. मिथाइलफेनिडेट ती ओढ अडवते, त्यामुळे रसायने जास्त वेळ कामाला येतात. जागा होतो तो मेंदूचा आवर घालणारा भाग, म्हणून मूल शांत दिसते. उत्तेजक औषधाने अशी मुले स्थिरावतात हे १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवले. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये तयार झाले.

एक इशारा इथेच देतो. ‘गोळी दिली आणि लक्ष लागले, म्हणजे एडीएचडीच होता’ असे म्हणता येत नाही. एडीएचडी नसलेल्या माणसालाही या औषधाने तात्पुरते जागे आणि एकाग्र वाटते. निदान गोळीवरून नाही, प्रश्न १ मधल्या निकषांवरून होते.

६. डोस किती असतो? आमच्या शेजारच्या मुलाला १० ची गोळी आहे, आमच्याला २० ची. आमचं जास्त गंभीर आहे का?

नाही. मिथाइलफेनिडेटचा डोस आजार किती मोठा किंवा मूल किती जाड यावर ठरत नाही. शरीर औषध कसे वापरते त्यावर ठरतो, आणि ते आधी कळत नाही. म्हणून साध्या गोळीची सुरुवात साधारण ५ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा किंवा दोनदा अशी करतात, दर आठवड्याला ५ ते १० मि.ग्रॅ. वाढवत जातात आणि फायदा चांगला व त्रास सोसण्याजोगा अशा जागी थांबतात. सहसा दिवसाला ६० मि.ग्रॅ. च्या वर जात नाहीत. दिवसभर चालणाऱ्या कॉन्सर्टासारख्या गोळीची सुरुवात १८ मि.ग्रॅ. ने होते.

उपचार फसतात ते बहुतेक इथेच. पहिल्या डोसवर फरक दिसला नाही म्हणून ‘गोळी लागू पडत नाही’ असे ठरवून घरी बंद करतात, किंवा थोडा फरक दिसला की त्याच अपुऱ्या डोसवर वर्ष काढतात. डोस वाढवायचा की थांबायचा हे ठरवायला डॉक्टरांकडे रक्ताचा अहवाल नसतो, तुमची नोंद असते. एक साधी वही करा. रोज चार रकाने: गोळी किती वाजता दिली, गृहपाठाला किती वेळा उठला, दुपारचे जेवण किती झाले, झोप किती वाजता लागली. शनिवारी वर्गशिक्षकांना एकच प्रश्न विचारून उत्तर लिहा: ‘या आठवड्यात त्याला किती वेळा जागेवर बसवावे लागले?’ डोस वाढवल्याची तारीख शिक्षकांना सांगू नका, म्हणजे त्यांचे उत्तर निखळ मिळते. अशी चार आठवड्यांची वही असेल तर डॉक्टर पाच मिनिटांत नेमका निर्णय घेतात. ‘बरंय तसं’ एवढ्यावर कुणालाच नीट ठरवता येत नाही.

डोस जास्त झाल्याची खूण अशी: मूल गप्प, चेहरा मख्ख, हसणे-खेळणे कमी. ‘आता किती शहाणा झालाय’ म्हणून खूश होऊ नका. डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्या.

७. शाळा अकराची आहे, गोळी सकाळी सातला देतो. बाई म्हणतात काही फरक नाही. का?

साधी गोळी अर्ध्या ते एक तासात चढते आणि तीन-चार तासांत उतरते. सातची गोळी अकराला, म्हणजे प्रार्थनेच्या घंटेलाच संपली. अकराच्या शाळेसाठी ती जेवणानंतर सव्वादहा-साडेदहाला हवी. सकाळच्या अधिवेशनात साडेसातची शाळा असेल तर पावणेसातला. दुसरी गोळी मधल्या सुट्टीत द्यायची असेल तर ती मुलाच्या दप्तरात ठेवू नका. एका ठरावीक शिक्षकाकडे पाकिटावर नाव-वेळ लिहून ठेवा.

शाळेत देणे जमणारच नसेल तर दीर्घकाळ चालणारा प्रकार मागा. त्यात काही सहा-आठ तास चालतात, कॉन्सर्टा दहा-बारा तास. कॉन्सर्टाच्या कवचातून औषध थोडे थोडे बाहेर येते आणि रिकामे कवच शौचातून पडते. ते पाहून ‘गोळी पचलीच नाही’ असे समजू नका.

८. भूक मेली, झोप लागत नाही, संध्याकाळी चिडचिड. काय करायचं? आणि उंची खुंटते म्हणतात ते खरं का?

भूक: सर्वांत जास्त दिसणारा त्रास. औषध चढलेले असताना ताट पुढे करून भांडण्यात अर्थ नाही. गोळीआधी भरपेट खाऊ घाला आणि औषध उतरल्यावर, रात्री आठ-नऊला, पुन्हा पोटभर जेवण द्या. कमी घासांत जास्त ताकद जाईल असे द्या: भाकरीवर तूप आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी, अंडे, केळे-दूध. डबा अर्धा परत आला तर रागावू नका.

झोप: शेवटची साधी गोळी दुपारी चारनंतर शक्यतो नको. पण काही मुलांना औषध उतरल्यावरच्या चंचलतेमुळे झोप येत नाही. तिथे गोळी कमी करून उपयोग नसतो. वहीतल्या वेळा पाहिल्या की यातले कोणते हे कळते.

संध्याकाळची चिडचिड: औषध झपाट्याने उतरताना तासभर मूल रडके, तापट होते. त्या तासात गृहपाठ नको, खायला द्या, मैदानावर सोडा. रोजच होत असेल तर डॉक्टर दीर्घकाळचा प्रकार किंवा दुपारी छोटा डोस देतात.

उंची: पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढीचा वेग थोडा मंदावू शकतो. मोठेपणच्या उंचीत पडणारा फरक आढळला तिथेही तो एक-दोन सेंटिमीटरच्या आसपास होता. म्हणून दर सहा महिन्यांनी उंची, तर दहा वर्षांखालच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी, त्याच एका काट्यावर मोजा. वजन सलग दोन वेळा घटले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

डोकेदुखी-पोटदुखी बहुधा पहिल्या पंधरवड्यात आपोआप जाते. मात्र नसलेले दिसणे-ऐकू येणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, किंवा मुलग्याला लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास राहून दुखणे यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

९. हृदयावर परिणाम होतो का? ईसीजी काढायलाच हवा का?

नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो. निरोगी मुलात त्याने धोका होत नाही. दर वेळी डोस बदलल्यावर आणि पुढे दर सहा महिन्यांनी दोन्ही मोजायचे. सरसकट सगळ्यांना ईसीजी लागत नाही. पण पळताना भोवळ येते, जन्मतः हृदयाला छिद्र होते, लहानपणी सांधेतापाने झडप बिघडली आहे, किंवा घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक दगावले आहे, असे काही असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञ. ‘काका शेतात बसल्या बसल्या गेले’ ही गोष्ट घरच्यांना आजार वाटत नाही म्हणून सांगायची राहून जाते. ती सांगा.

१०. अटोमॉक्सेटिन दिलंय. पंधरा दिवस झाले, काहीच नाही. बंद करू?

करू नका. याचा परिणाम चार-सहा आठवड्यांत दिसू लागतो, पूर्ण यायला कधी बारा आठवडेही लागतात. डोस वजनावर ठरतो: सुरुवात दर किलोला दिवसाला ०.५ मि.ग्रॅ., मग १.२ मि.ग्रॅ. पर्यंत. म्हणजे २० किलोच्या मुलाला १० ची कॅप्सूल, पुढे २५ ची. रोज द्यायची, रविवारीही.

टिक्स (डोळे मिचकावणे, खांदे उडवणे अशा नकळत होणाऱ्या हालचाली), तीव्र चिंता, घरात कुणाला व्यसन, किंवा मिथाइलफेनिडेट सोसले नाही, अशा वेळी हे औषध उपयोगी पडते. मळमळ होत असेल तर जेवणानंतर द्या. पेंग येत असेल तर रात्री. कॅप्सूल फोडू नका, आतली पूड डोळ्याला झोंबते. पहिल्या काही आठवड्यांत मूल फार उदास झाले, मरणाची भाषा करू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हे क्वचित होते, पण औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक दिलेला असतो आणि तो गांभीर्याने घ्यायचा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज ही यकृताला त्रास झाल्याची लक्षणे. तिथेही तसेच.

११. क्लोनिडिन तर बीपीची गोळी. मुलाला का?

अतिचंचलता, टिक्स आणि झोप न लागणे एकत्र असेल तर अगदी छोट्या डोसात, बहुधा रात्री. एकटी किंवा मिथाइलफेनिडेटच्या जोडीला. हिच्यात एकच नियम जिवाचा आहे: अचानक बंद करायची नाही. एकदम थांबवली तर रक्तदाब उसळतो. लग्नाला किंवा यात्रेला गावी जाताना स्ट्रिप आधी पिशवीत टाका. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तरीही डॉक्टरांना फोन करा.

१२. सवय लागते का? पुढे जाऊन नशा करेल का?

डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसात, तोंडाने घेतल्यास व्यसन लागत नाही. उपचार घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनांचे प्रमाण वाढलेले दिसत नाही. एडीएचडीवर उपचारच न होणे हा मात्र व्यसनाकडे नेणारा धोका आहे. गैरवापर होतो तो दुसरीकडे: होस्टेलवर परीक्षेच्या रात्री मित्राची गोळी मागून घेणे, भुकटी करून ओढणे. ते धोक्याचे आणि बेकायदा आहे. घरात गोळ्या मोजून, कुलपात ठेवा. महिन्याच्या शेवटी शिल्लक जुळते का पाहा.

१३. मेडिकलमध्ये गोळी मिळत नाही. चार दुकानं फिरलो.

मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या ‘परिशिष्ट एक्स’मध्ये आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीच्या) कायद्याच्या यादीत आहे. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, नोंदवही ठेवावी लागते. म्हणून गल्लीतल्या दुकानात ते नसते. मोठ्या रुग्णालयांजवळच्या मोजक्या दुकानांत मिळते. कोणत्या, ते चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो. तिच्यावर तारीख, सही, रुग्णाचे नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती गोळ्या हे सगळे असले पाहिजे. यातले एक राहिले तरी दुकानदार परत पाठवतो, आणि त्यात त्याची चूक नसते. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा माल मिळत नाही.

दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की हालचाल सुरू करा. सोलापुरात साठा संपला तर पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने जाणाऱ्या नातेवाइकाकडे मूळ चिठ्ठी द्या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. अटोमॉक्सेटिनला ही अडचण नाही. ते साध्या चिठ्ठीवर मिळते.

१४. डॉक्टर पुण्याचे आहेत. व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी देतील का?

मिथाइलफेनिडेटची नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार परिशिष्ट एक्समधली आणि एनडीपीएस कायद्याखालची औषधे ऑनलाइन तपासून लिहिता येत नाहीत. प्रत्यक्ष जावे लागते. पुण्याला दर महिन्याला हेलपाटा परवडत नसेल तर तिथल्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घ्या आणि पुढची चिठ्ठी सोलापुरातल्या तज्ज्ञांकडून घेत चला.

१५. मामा अमेरिकेत आहे. तिकडची अ‍ॅडेरॉल चांगली म्हणतात. पाठवायला सांगू?

नको. त्यात अ‍ॅम्फेटामिन असते. ते भारतात बाजारात नाही आणि टपालाने मागवणे एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. इथल्या औषधांनी बहुतेकांचे भागते.

१६. गोळी विसरली तर? सुट्टीत बंद ठेवली तर?

साधी गोळी विसरली आणि दुपार टळली तर त्या दिवशी सोडून द्या. दिवसभराची गोळी दुपारनंतर देऊ नका, रात्र जागून जाईल. अटोमॉक्सेटिन त्याच दिवशी आठवले तर द्या. दोन डोस एकत्र कधीच नाही.

मिथाइलफेनिडेट रविवारी किंवा मे महिन्यात बंद ठेवता येते, वजन भरून यायला त्याचा उपयोगही होतो. पण मूल रस्त्यावर न पाहता धावते, सायकल बेफाम चालवते, भावंडांना मारते, तर सुट्टीतही चालू ठेवलेले बरे. डॉक्टरांशी बोलून ठरवा. अटोमॉक्सेटिन आणि क्लोनिडिन सुट्टी म्हणून बंद करायचे नसते.

१७. गोळी अर्धी करून, दुधात कुटून दिली तर चालते का?

साधी गोळी अर्धी करता येते. दीर्घकाळची गोळी कुटली, चावली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. गिळता येत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. दुकानदाराने ‘कंपनी वेगळी, बाकी तेच’ म्हणून दीर्घकाळची गोळी बदलून दिली तर घेण्याआधी विचारा. तितक्याच मिलिग्रॅमची दुसऱ्या कंपनीची गोळी वेगळ्या वेगाने उतरू शकते.

१८. इथल्या उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

हो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, कधी ४४ च्या आसपास. पत्र्याच्या घरातली फळी, गाडीची डिकी, खिडकीतला देव्हारा या जागी गोळ्या ठेवू नका. घरातल्या सर्वांत गार खोलीत, माठाच्या ओलीपासून लांब, मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. औषधावरचे मूल खेळताना तहान-भूक विसरते, म्हणून पाणी, ताक, लिंबूसरबत वेळ ठरवून द्या. क्लोनिडिनवर असलेले मूल घामाघूम होऊन उठताना चक्कर येऊन पडू शकते. त्याला दुपारी बारा ते चार उन्हात सोडू नका.

१९. एकादशी, श्रावणी सोमवार, रोजा यांचं काय?

लहान मुलाला औषध चालू असताना कडक उपवास नको. आधीच दिवसा खाणे कमी असते. मोठ्यांनी रोजा धरला तर दुपारची साधी गोळी जमत नाही. सहरीला घेतलेली दिवसभराची गोळी दुपारपर्यंत काम करते, पण पाण्याविना डोके दुखते, नाडी वाढते. अटोमॉक्सेटिन इफ्तारनंतर घेता येते. रमजानच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून वेळा बदलून घ्या.

२०. सर्दी-खोकल्याचं, दम्याचं, टीबीचं औषध सोबत चालतं का?

पॅरासिटामॉल आणि नेहमीची बहुतेक अँटिबायोटिक्स चालतात. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या-सिरपमधले फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन मिथाइलफेनिडेटबरोबर रक्तदाब वाढवतात. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. अटोमॉक्सेटिनबरोबर साल्बुटामॉलची वाफ किंवा सिरप दिले तर धडधड वाढू शकते. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची औषधे अटोमॉक्सेटिनचे रक्तातले प्रमाण बरेच वाढवतात, डोस कमी करावा लागतो. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात. त्याच्याबरोबर मिथाइलफेनिडेट आणि अटोमॉक्सेटिन दोन्ही धोक्याची आहेत, म्हणून क्षयरोग केंद्रात ही गोळी दाखवा. भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांनाही.

२१. ब्राह्मी, अश्वगंधा, होमिओपॅथी देऊन गोळी टाळता येईल का?

एडीएचडीत गोळीची जागा घेईल एवढा पुरावा यांतल्या कशालाच नाही. द्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या आणि चालू औषध बंद करू नका. खात्री नसलेल्या भस्मांपासून मात्र दूर राहा. काही भस्मांत शिसे सापडले आहे, आणि शिसे मुलाच्या मेंदूचे, लक्षाचेच नुकसान करते.

२२. दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. आत्ता सुरू करू?

नवीन औषध किंवा नवा डोस बोर्डाच्या तोंडावर नको. पहिल्या आठवड्यांतली डोकेदुखी आणि जागरण नेमके पेपरला आडवे येते. डोस बसवायला दीड-दोन महिने धरा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरुवात हवी. आधीपासून चालू असेल तर पेपरच्या वेळेनुसार गोळीची वेळ सराव परीक्षेतच ठरवून टाका.

२३. गोळ्या किती वर्षं?

ठरलेली मुदत नसते. वर्षातून एकदा, शाळा सुरू होऊन दोन महिने झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवडे मिथाइलफेनिडेट थांबवून पाहतात. वहीत आणि वर्गात फरक दिसला नाही तर बंद. फरक दिसला तर चालू. पुष्कळांना मोठेपणीही लक्षणे राहतात, धावपळ कमी होते आणि विसराळूपणा उरतो.

२४. मी चौतीस वर्षांची आहे. मुलाचं निदान झालं तेव्हा कळलं, माझंही हेच आहे. मला गोळ्या चालतील? दिवस राहिले तर?

चालतात. एडीएचडी घराण्यात चालतो, आणि मुलाच्या निमित्ताने आईचे किंवा वडिलांचे निदान होणे नेहमीचे आहे. लक्षणे १२ वर्षांआधीची असल्याचा आधार लागतो: जुनी प्रगतिपुस्तके, आईने सांगितलेली हकिगत. मोठ्यांत रक्तदाब, थायरॉइड, नैराश्य आधी पाहतात. ७० किलोपेक्षा जास्त वजन असेल तर अटोमॉक्सेटिन साधारण ४० ने सुरू करून ८० वर नेतात. दारूबरोबर मिथाइलफेनिडेट नको. तंबाखू, मावा, दिवसभराचा कडक चहा यांनी धडधड वाढते. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा. तेव्हा औषध चालू ठेवायचे का हे प्रत्येकीचे वेगळे ठरते. दिवस गेलेत असे कळले तर क्लोनिडिन मनाने बंद करू नका (प्रश्न ११).

२५. फिट येते, टिक्स आहेत, खेळाडू आहे, दुबईला निघालोय. अशांचं काय?

फिट औषधाने आटोक्यात असेल तर मिथाइलफेनिडेट देता येते. टिक्स असतील तरी अनेकांना चालते. वाढल्या तर प्रश्न १० आणि ११ मधले पर्याय आहेत. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांसाठी: स्पर्धेच्या काळात मिथाइलफेनिडेट उत्तेजक चाचणीत निषिद्ध आहे, वैद्यकीय सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या बराच आधी मंजूर करून घ्यावा लागतो. अटोमॉक्सेटिनला बंदी नाही. संयुक्त अरब अमिरातीत जाताना नियंत्रित औषधांसाठी तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. परवानगी, मूळ चिठ्ठी आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

२६. मोठ्याच्या गोळ्या धाकट्याने गिळल्या तर?

वाट पाहू नका. ओकारी काढायला मीठपाणी पाजू नका. स्ट्रिपमधल्या किती गोळ्या कमी आहेत ते मोजा, वेळ लिहा, स्ट्रिप सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. मिथाइलफेनिडेट असेल तर धडधड, ताप, थरथर, बडबड दिसते. क्लोनिडिन असेल तर मूल गळून झोपू लागते, नाडी आणि श्वास मंदावतो. लहान मुलाला क्लोनिडिनची एक-दोन गोळीही घातक ठरू शकते, म्हणून ‘झोपलंय, उठेल’ म्हणून घरी ठेवू नका. दीर्घकाळची गोळी गिळली असेल तर लक्षणे उशिरा येतात. मूल ठीक दिसले तरी दवाखान्यात निगराणीखाली ठेवावे लागते.